वाहनं किती ठेवलीत?



मागच्या रविवारी आम्ही घरची सहा माणसं मुंबईला जाऊन आलो. सकाळी हॉर्निमन सर्कलला जुन्या मोटारींचं प्रदर्शन आणि दुपारी गावदेवीचं मणिभवन. सहलीचं वर्णन मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण मला बोलायचंय ते आपल्या घरातल्या गाड्यांबद्दल. दारात उभ्या असलेल्या, आणि अजून शोरूममध्येच असलेल्या पण मनात कधीच येऊन लागलेल्या, दोन्ही.

आपण स्थानकात भेटलो की एकमेकींना सहज विचारतो, आज द्रव्यं किती ठेवलीत? कोणी पंधरा सांगते, कोणी एकवीस. विगई कोणती सोडली, हिरवी भाजी बंद आहे का, हेही विचारून होतं. त्याच चौदा नियमांत वाहनाचा नियम आहे. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे सव्वीस बोल म्हणतो त्यातही वाहन आहे. पण ‘आज वाहनं किती ठेवलीत?’ असं मला आजवर एकीनंही विचारलेलं नाही. नियम धारताना आपण तोंडाने ‘वाहन’ म्हणतो आणि पुढच्या शब्दावर जातो.

हा विषय आमच्या घरात सध्या तापलेला आहे म्हणूनही लिहितेय. मोठ्या मुलाचा साखरपुडा झाला, लग्न उन्हाळ्यात आहे, आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या गाडीचा जप चालू आहे. आहे ती गाडी चांगली चालते. पण ती ‘छोटी दिसते’. व्याह्यांच्या दारात काय उभं आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे आपल्या दारात काय उभं असावं हे आता आपण ठरवायचं उरलेलंच नाही, असा एकूण सूर. धाकट्याला लग्नाशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त गाडी आवडते, कुठलीही. मुंबईचं प्रदर्शन त्याच्याच हट्टाचं. मी म्हटलं, जाऊ, पण दुपारी मणिभवनला यायचं. सौदा पटला.

रोटेगावहून रात्रीच्या गाडीने निघालो. सोबत मेथीच्या पुऱ्या, खाकरे, कोरडी चटणी, मुगाचे लाडू आणि उकळलेलं पाणी. रात्री परतीची गाडी असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत दोन वेळचं खाणं उरकायचं होतं, ते उरकलं. एवढं सांगून प्रवास संपवते.

व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या या गाड्या हॉर्निमन सर्कलच्या गोल रस्त्यावर एकामागे एक लावलेल्या असतात. मला गाड्यांतलं कळत नाही, तरी सांगते, बघण्यासारखं असतं. पितळेचे दिवे, लाकडी चाकांच्या काड्या, बाहेर टांगलेला भोंगा, मागच्या बाजूला सामानाची चामड्याची पेटी. मला गाड्यांपेक्षा त्यांच्याजवळ उभी असलेली माणसं बघायला आवडली. मालक शर्टाला इस्त्री करून हसत उभे होते, पण प्रत्येक गाडीपाशी एक मिस्त्री होता, हातात कापड, नजर गाडीवर. कुणी बोट लावलं की तो लगेच तिथं कापड फिरवायचा. ज्या गाडीचे सुटे भाग आता कुठेच बनत नाहीत, तिचे भाग हा माणूस स्वतः घडवून घेतो, लेथवर. सत्तर-ऐंशी वर्षांची वस्तू टाकून न देता चालती ठेवायची, यात मला तरी काही वाईट दिसलं नाही. आपण पाच वर्षांत गाडी ‘जुनी झाली’ म्हणून बदलतो. त्या मिस्त्रीला हे सांगितलं असतं तर तो हसला असता.

तिथंच एक गंमत झाली. एका उघड्या टपाच्या गाडीत बसून फोटो काढू देत होते. नऊवारी नेसलेल्या, नथी घातलेल्या बायका मागच्या सीटवर बसून फोटो काढत होत्या. तिथल्या एका मुलाने आमच्या सासूबाईंना हात दिला, “या आजी, बसा.” सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, रोज नियम धारणाऱ्या. म्हणाल्या, “नको बाळा, आज वाहनं चार ठेवलीत. रिक्षा, रेल्वे, टॅक्सी आणि घरची गाडी. हे पाचवं होईल.”

मुलगा म्हणाला, “आजी, ही चालू नाहीये. नुसती उभी आहे.”

“उभी असली तरी वाहन आहे ना?”

धाकट्याला जाम हसू आलं. घरी आल्यावर मात्र तो मला म्हणाला, की मम्मी, दादीचा पॉइंट बरोबर होता. आणि त्याने मला एक माहिती सांगितली. सरकारने २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

म्हणजे जिच्यात बसून कुठं जायचं नाही अशी गाडी. सासूबाईंच्या हिशेबात तीही गाडीच.

त्या रांगेत मला ओळखीची एकच होती, फियाट. नंतरच्या काळात हिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणायला लागले. वैजापुरात ज्या घरात ती होती त्या घराला ‘फियाटवाले’ म्हणायचे हे माझ्या सासूबाईंनाही आठवतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे तीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते आणि शेवटची नोंदणी २००३ ची होती. आता ती प्रदर्शनात दोरीच्या आत उभी राहायला लागलीय.

ही गाडी ज्या कंपनीची, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचे, दिगंबर जैन, जन्म १८८२. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद ‘जैन बोधक’ हे मासिक चालवायचे. आपल्यातल्या बऱ्याच जणींना वालचंदनगर माहीत असतं, साखर माहीत असते, पण विमानाचा बंगळूरचा कारखाना (१९४०), जहाजं आणि मोटारी, तिन्हींत या माणसाचा हात होता हे मुलांच्या कानावर घालायला हवं. हॉर्निमन सर्कलपासून जवळच, बॅलार्ड इस्टेटला, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आम्ही मुद्दाम तिकडून चालत गेलो.

धाकट्याचं म्हणणं, “बघ, जैन माणसानेच गाड्या काढल्या, आणि तू गाडी घेऊ नको म्हणतेस.” मी गाडी घेऊ नको म्हणत नाहीये. पुढे वाच.

१९१९ सालचा एप्रिल महिना बघा. ५ एप्रिलला सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. वालचंद आणि त्यांच्या भागीदारांनी हे जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलं होतं. देशी मालकीचं जहाज इंग्रजांच्या जहाजी मक्तेदारीत घुसलं म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस पाळतात. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. आणि ७ तारखेला गांधीजींनी सरकारी परवान्याशिवाय ‘सत्याग्रही’ नावाचं पत्रक काढलं. त्या दिवसांत गांधीजींचा मुंबईतला मुक्काम होता मणिभवनमध्ये. तीन दिवसांत, एकाच शहरात. एकीकडे जहाज घेणारा माणूस आणि दुसरीकडे अंगावरचे कपडेही कमी करत चाललेला माणूस. मला वाटायचं यातला एक आपला आणि दुसरा आदरणीय. मणिभवनच्या जिन्यावर सासूबाईंनी एक प्रश्न विचारला आणि माझा हिशेब जरा हलला.

मणिभवन लॅबर्नम रोडवर आहे. झाडीची शांत गल्ली, दोन मजली घर, लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या. खाली ग्रंथालय. वर दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली: जमिनीवर गादी, तक्क्या, चरखे. बाजूच्या दालनात त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांनी मांडलेत, मुलांना तेच सगळ्यात आवडतं. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईला आले की गांधीजी इथं उतरायचे. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे पोलिसांनी त्यांना इथल्याच गच्चीवरच्या तंबूतून अटक करून नेलं.

सगळे त्या खोलीसमोर उभे राहून हात जोडतात. आम्हीही जोडले. ‘किती साधेपणा’ असं कोणीतरी म्हणतंच, आमच्यातही म्हटलं. सासूबाई गुडघे धरून जिना चढून आलेल्या, जरा दम घेऊन त्यांनी विचारलं, “घरमालक कुठं राहायचा?”

हा प्रश्न आपण विचारायला हवा, कारण घरमालक आपला आहे.

हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. मूळचे मोरबीचे, जैन, मुंबईत जवाहिऱ्याचा मोठा धंदा. त्यांचे भाऊ डॉ. प्राणजीवन मेहता हे गांधीजींचे लंडनपासूनचे मित्र. त्यांच्याच आणखी एका मोठ्या भावाचे जावई म्हणजे श्रीमद राजचंद्र, आपले रायचंदभाई, आणि ते रेवाशंकरभाईंच्या पेढीत भागीदार होते. १८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन मुंबई बंदरावर उतरले तेव्हा डॉ. मेहतांच्या घरी त्यांची या कुटुंबाशी आणि रायचंदभाईंशी ओळख झाली. रायचंदभाई तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे, शतावधानी. हिऱ्यामोत्यांचा व्यवहार संपला की गादीवर बसल्या बसल्या धर्माची वही उघडणारे. आपल्यावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारी तीन माणसं म्हणून गांधीजींनी टॉल्स्टॉय, रस्किन आणि रायचंदभाई यांची नावं घेतली, हे आपल्या पाठशाळेत मुलांना शिकवतात. पण रेवाशंकरभाईंचं नाव पाठशाळेत येत नाही. त्यांनी कुठला ग्रंथ लिहिला नाही, संसार सोडला नाही, पेढी बंद केली नाही. त्यांच्याकडे चांगल्या वस्तीत मोठं घर होतं आणि त्यांनी ते उघडलं.

उघडलं म्हणजे काय ते बायकांना जास्त कळेल. एक पाहुणा येतो, त्याच्यामागे पन्नास माणसं येतात. कोणी भेटायला, कोणी भांडायला, कोणी नुसतं बघायला. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका घरात भरतात. पहाटे पोलीस गच्चीवर चढतात. आजारपणात पाहुण्याच्या खोलीत चरखा घूं घूं करतो. चरख्याला पेळू हवेत म्हणून खालून रोज जाणाऱ्या पिंजाऱ्याला वर बोलावतात. तो गाद्यांचा कापूस पिंजणारा, त्याने पेळूंचे दाम चढे सांगितले आणि गांधीजींनी ते दिले. त्या सुतातून वैष्णव मित्रांच्या पवित्रा एकादशीच्या माळा झाल्या, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. कापसाची फुणफुण त्या घरात किती उडाली असेल आणि ती कोणी झाडली असेल, हे लिहिलेलं नाही.

गांधीजींची खोली रिकामी होती, कारण घर दुसऱ्याचं होतं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. साधूंचंही तसंच असतं. म. सा. स्थानकात उतरतात, स्थानक संघाचं असतं. अपरिग्रही माणसाला जागा देणारा कोणीतरी परिग्रही लागतो. त्या दोघांत आपण श्रावक-श्राविका दुसरे. आपण त्या रिकाम्या खोलीसमोर हात जोडतो, ‘आपल्याला काही हे जमणार नाही’ म्हणतो, आणि खाली उतरून निर्धास्तपणे गाडीच्या गप्पा सुरू करतो. महाव्रत झेपत नाही एवढ्या कारणावर अणुव्रतालाही सुट्टी. त्या घरात आपली जागा जिन्याखालची, घरमालकाची, आणि घरमालकाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. तुझ्याकडे किती आहे? कुठवर पुरे? आणि तुझ्याशिवाय ते कोणाच्या कामी येतं?

पहिल्या दोन प्रश्नांना आगमात उत्तर आहे. उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवा. त्याने भगवंतांपुढे बारा व्रतं घेतली. तो काही गरीब नव्हता. ४ कोटी सुवर्णमुद्रा कोठारात, ४ कोटी व्यवहारात, ४ कोटी घरात. दहा-दहा हजार गाईंची ४ गोकुळं. आणि वाहनांची मर्यादा? ५०० गाडे प्रवासाचे आणि ५०० गाडे माल वाहायचे. शिवाय ४ नावा प्रवासाच्या, ४ मालाच्या. एक हजार गाड्या! मोठ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, “मग माझी दुसरी गाडी कुठं अडते?”

अडते ती इथं. आनंदाने आकडा आधी सांगितला. हजारावर एक नाही. भगवंतांनी ‘एवढे कशाला’ असं विचारलं नाही, पण आनंदाने ‘पुढचं पुढं बघू’ असंही म्हटलं नाही. आमच्या घरात, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक घरांत, गाड्यांना आकडाच नाही. एक आहे, दुसरी येतेय, तिसरी सूनबाई आल्यावर ‘बघू’. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचा अर्थ मूर्च्छा असा सांगितला आहे, त्याचा आपण सोयीने वापर करतो. ‘आसक्ती नसली की झालं, वस्तू किती का असेनात.’ आसक्ती नाही ना? मग आकडा सांगायला जीभ का अडखळते?

आनंदाच्या यादीत मला आणखी एक गोष्ट आवडली. त्याने बसायचे गाडे आणि मालाचे गाडे वेगळे मोजले. दुकानदार घरांना हे फार उपयोगाचं आहे. आमचं पाइप आणि हार्डवेअरचं दुकान, त्याचा छोटा हत्ती दिवसभर राबतो, त्यावर एका ड्रायव्हरचं घर चालतं. त्याला बसायच्या गाडीत मोजून ‘आमच्याकडे आधीच दोन आहेत’ असा साधेपणा मिरवायचं कारण नाही. उलट बसायची गाडी दुकानाच्या नावावर घेऊन ‘ती धंद्याची आहे’ असं म्हणायलाही जागा नाही. ही पळवाट आपल्यात सर्रास आहे. एक गाडी यांच्या नावावर, एक फर्मच्या, एक एचयूएफच्या, एक माझ्या. कोणाच्याच व्रताला धक्का नाही आणि दारात चार उभ्या.

व्रताचं अक्षर सांभाळून आतून ते पोकळ होतं, याचा दाखला खुद्द गांधीजींनीच दिलाय. त्यांनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत शस्त्रक्रिया झाली, अशक्तपणा आला, तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, बकरीच्या दुधाला तर तुमची ना नसेल. त्यांनी घेतलं. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, म्हणून शब्द मोडला नाही, पण व्रताचा आत्मा मोडला, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं आणि ती टोचणी त्यांना राहिली. बरं, तिथं जीव वाचवायचा होता. आपल्या एचयूएफच्या गाडीने कोणाचा जीव वाचतो?

आता वाहनाचा नियम मुळात आहे कशासाठी? पैसा हे एक कारण झालं. दुसरं आपल्या वैजापूरकरांना जास्त ठाऊक असायला हवं. समृद्धी महामार्गाला आपण जांबरगावहून चढतो. १२० च्या वेगाची मुभा, नागपूर जवळ आलं, शिर्डी तर घरातली. पावसाळ्यात संध्याकाळनंतर त्या रस्त्याने जा आणि घरी आल्यावर समोरची काच बघा. पाणी मारून पुसावी लागते. आपण दिवा लावताना काच झाकतो, पाणी गाळतो, पावसाळ्यात पालेभाजी सोडतो, आणि ती काच पुसणाऱ्या पोऱ्याला वीस रुपये देऊन मोकळे होतो. माणसांचंही सांगायला हवं. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर जांबरगाव टोलनाक्याजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२ माणसं गेली. सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिकला परत निघालेले लोक होते. गाडी वाईट असं मी यातून काढत नाही. पण आपल्या आचार्यांनी साधूंना पायी चालायला सांगितलं आणि श्रावकांना वाहन मोजायला सांगितलं, त्यात हिंसेचा हिशेब होता. त्यांच्या काळात बैल होते. आपल्या काळात तो हिशेब वाढलाय, कमी झालेला नाही.

आणि महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साध्वीजी याच गाड्यांमधून वाट काढत चालतात. पहाटे अंधूक उजेडात, पांढऱ्या कपड्यांत. त्यांच्यासोबत चालायला गावोगावी चार माणसं मिळायची मारामार असते. दारात तीन गाड्या असलेल्या घरातलं एक माणूस पहाटे पाच किलोमीटर चालायला मिळत नाही, यावर संघात एकदा बोलायला हवं.

तिसरा प्रश्न, कोणाच्या कामी येतं. आमच्या गल्लीत एका घरी रात्री दीडला सुनेला कळा सुरू झाल्या. त्यांनी दोन गाडीवाली घरं सोडून तिसऱ्या घरची बेल वाजवली, तिथं जुनी, दार करकरणारी गाडी आहे. नंतर मी विचारलं, शेजारीच का नाही गेलात? म्हणाली, “नवीन गाडी आहे हो त्यांची, सीट खराब झाली असती तर?” त्या शेजाऱ्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. कोणी विचारलंच नाही. गाडी इतकी चकचकीत असते की तिच्याकडे बघूनच माणूस दुसरीकडे जातो. मणिभवनच्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत.

म्हणून माझं मत सरळ आहे. दुसरी गाडी घ्यायची की नाही यावर भांडण्याआधी घराने आकडा ठरवावा, बसायच्या गाड्यांचा वेगळा, कामाच्या गाड्यांचा वेगळा, आणि सगळ्यांची नावं, फर्मसकट, त्यात धरावीत. किंमत नंतर. रंग त्याच्याही नंतर. आकडा दोन आला तर दोन. मला दोनाचं वावडं नाही. नवं जोडपं नोकरीसाठी संभाजीनगरला रोज जाणार असेल तर दुसरी लागेलही. मग ती ‘लागते’ म्हणून येईल, व्याह्यांच्या दारावरून येणार नाही.

आणि हे बायकांनी बोलायचं. गाडी कित्येकदा आपल्या नावावर असते, सही आपली, चावीला नारळ आपण फोडतो, आणि निर्णयाच्या बैठकीत आपण चहा आणतो. आनंदाने व्रत घेऊन घरी आल्यावर शिवानंदेला ‘मी घेतलं, तुझंही झालं’ असं सांगितलं नाही. तिला भगवंतांकडे जा म्हटलं, ती स्वतः गेली, आणि तिने बारा व्रतं स्वतःची घेतली. हे आपण व्याख्यानात ऐकतो तेव्हा मान डोलावतो.

अक्षयतृतीयेचंही बोलून टाकते, बोलायचंच आहे तर. आपल्या वर्षीतपवाल्यांचं पारणं त्या दिवशी. आदिनाथांचा इक्षुरस. आणि त्याच दिवशी दुपारी शोरूममध्ये जाऊन पाहा, रांगेत निम्मे आपलेच. वर्षभर एकाआड एक दिवस उपवास केलेल्या काकूंना घरच्यांनी पारण्याची भेट म्हणून गाडी दिली, चावीला लाल रिबीन लावून, असंही मी पाहिलंय. काकूंना गाडी चालवता येत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. परवा रात्री प्रतिक्रमणानंतर सासूबाईंनी त्यांच्या नियमांच्या वहीतला एक कागद फाडून पुढे ठेवला. त्यावर दोन ओळी. कामाच्या गाड्या: एक. बसायच्या गाड्या: इथं त्यांनी जागा मोकळी सोडली होती. म्हणाल्या, “सगळ्यांनी मिळून आकडा घाला, पण घातल्यावर खोडायचा नाही.” यांनी ‘एक’ म्हटलं, मी ‘एक’ म्हटलं, धाकट्याने आधी ‘तीन’ आणि मग हसत ‘बरं, एक’ म्हटलं. मोठ्याने कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाला, तिला विचारून सांगतो. नवी सून अजून घरात आलेली नाही आणि आकड्यात तिलाही धरलं, हे मला बरं वाटलं.

कागद देवघराच्या फळीवर ठेवलाय. मधली जागा अजून मोकळी आहे, आणि पाडव्याला अजून महिना आहे.